एर्बिलचा खटला बगदादला का जात नाही?

गेल्या अंकात इराकच्या संघराज्याविषयी लिहिताना, कुर्दिस्तान प्रदेशाला स्वतःची न्यायालये आहेत असे एक वाक्य ओघात येऊन गेले होते. त्या वाक्यावर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून इतकी पत्रे आली की या वेळचा स्तंभ त्यांनाच द्यावा लागला. काही पत्रलेखकांच्या मनात इराकमधील कुर्दिस्तान होते, तर काहींच्या मनात सीरियाच्या ईशान्येचा, 'रोजावा' म्हणून ओळखला जाणारा भाग. दोन्ही ठिकाणी कुर्दांची स्वायत्तता उभी राहिली, पण न्यायव्यवस्थेची घडण दोन्हीकडे अगदी निराळी आहे. त्यामुळे उत्तरांत त्यांची सरमिसळ होऊ दिलेली नाही. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी सारी नोकरी जिल्हा न्यायालयाच्या दप्तरात गेली. सोलापूरचे अपील पूर्वी मुंबईला जात असे, ऑगस्ट २०२५ पासून ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जाते. पण त्यावरही दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय आहेच. कुर्दिस्तानातील खटला बगदादपर्यंत जातच नाही, हे खरे आहे का? आणि खरे असेल तर तो इराकचा भाग कसा म्हणायचा? (निवृत्त शिरस्तेदार, जुळे सोलापूर)

उत्तर : खरे आहे. एर्बिल, दुहोक, सुलेमानिया आणि हलबजा या प्रांतांतील सामान्य दिवाणी किंवा फौजदारी खटला खालच्या न्यायालयांतून वर चढत, प्रदेशाची राजधानी असलेल्या एर्बिलच्या कॅसेशन न्यायालयापर्यंत, म्हणजे अखेरच्या अपील न्यायालयापर्यंत, जातो आणि तेथेच संपतो. उरलेल्या इराकसाठी बगदादला वेगळे कॅसेशन न्यायालय आहे. परंतु ते एर्बिलच्या वरचे नसून शेजारचे आहे. आपल्यासारख्या दप्तर जाणणाऱ्या माणसासाठी आणखी एक फरक सांगतो. इराकी पद्धतीत गुन्ह्याचा तपास 'तपास न्यायाधीशा'च्या देखरेखीखाली चालतो. अटक, जबाब, कोठडी यांवर त्याची नजर असते, आणि पुरावा पुरेसा वाटला तरच तो प्रकरण खटल्यासाठी दुसऱ्या न्यायालयाकडे पाठवतो. ज्युरी नाही. दिवाणी कायदा १९५१ चा, दंडसंहिता १९६९ ची आणि फौजदारी प्रक्रिया १९७१ ची. हे तिन्ही मूळचे बगदादचे कायदे असून एर्बिलच्या वकिलाच्या टेबलावर आजही तेच असतात.

मग अखेरचे न्यायालय तेवढे वेगळे कसे झाले? त्याचे मूळ १९९१ मध्ये आहे. आखाती युद्धानंतर कुर्दांचा उठाव झाला, तो चिरडला गेला, उत्तर इराकवर विमानबंदी क्षेत्र लादले गेले, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सद्दाम हुसेन यांनी आपले सैन्य व प्रशासन त्या भागातून काढून घेऊन वर नाकेबंदी केली. न्यायाधीश जागेवर होते, कायद्याची पुस्तके जागेवर होती, पण त्यांच्यावरचे न्यायालय ज्या राजधानीत होते तिने संबंधच तोडला होता. मे १९९२ मध्ये निवडणूक होऊन कुर्दिस्तानची संसद बसली आणि तिने जी निकडीची कामे हातात घेतली त्यांत स्वतःचे कॅसेशन न्यायालय स्थापणे हेही होते. त्याच वेळी असे ठरले की बगदादने प्रशासन काढून घेण्यापूर्वीचे कायदे चालू राहतील, नंतरचे मात्र कुर्दी संसदेने मान्य केले तरच लागू होतील. म्हणजे फारकत कायद्याच्या मुळाशी नाही, एका तारखेशी आहे; तिच्या अलीकडे कायदा सामाईक, पलीकडे तो फाटत गेला.

सद्दाम यांची राजवट २००३ मध्ये कोसळल्यावर ही घडी मोडता आली असती, पण २००५ च्या इराकी राज्यघटनेने तिच्यावर शिक्काच मारला. कलम ११७ ने कुर्दिस्तानला संघराज्यातील प्रदेश म्हणून मान्यता दिली, कलम १२१ ने प्रदेशांना कायदे करण्याचा, ते राबवण्याचा आणि न्यायदानाचा अधिकार दिला, आणि कलम १४१ ने १९९२ पासूनचे तेथील कायदे, निर्णय व न्यायनिवाडेसुद्धा ते घटनेशी विसंगत नसतील तोवर वैध ठरवले. 'इराकचा भाग कसा' याचे उत्तर या तीन कलमांत आहे : एर्बिलच्या न्यायालयाचा अधिकार बंडातून जन्मला असला, तरी आज तो इराकच्याच घटनेतून येतो.

भारतीय वाचकाला हे चमत्कारिक वाटते, कारण आपल्याकडे राज्ये अनेक असली तरी न्यायालयांची उतरंड एकच आहे. जम्मू-काश्मीरचे उदाहरण येथे उपयोगी पडते. ऑक्टोबर २०१९ पर्यंत तेथे स्वतःची रणबीर दंडसंहिता होती, पण अखेरचा शब्द दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयाचाच होता. कुर्दिस्तानात याच्या नेमके उलट आहे. दंडसंहिता बगदादची आणि अखेरचा शब्द एर्बिलचा. माझ्या मते स्वायत्तता कायद्याच्या पुस्तकापेक्षा या अखेरच्या शब्दात अधिक असते, कारण जुने कलम तसेच ठेवूनही त्याचा अर्थ बदलण्याची सोय त्यात आहे.

प्रश्न : मग बगदादच्या न्यायालयाचे कुर्दिस्तानात काहीच चालत नाही का? (कायद्याची विद्यार्थिनी, बार्शी)

उत्तर : चालते, आणि अलीकडे फार चालू लागले आहे. वर सांगितले ते सामान्य खटल्यांपुरते. घटनेचा अर्थ लावणे आणि संघ व प्रदेश यांच्यातील वाद सोडवणे हे काम बगदादच्या संघीय सर्वोच्च न्यायालयाचे असून त्याचे निर्णय सर्वांना बंधनकारक आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये या न्यायालयाने कुर्दिस्तानचा २००७ चा तेल व वायू कायदा घटनाबाह्य ठरवला. मे २०२३ मध्ये कुर्दिस्तानच्या संसदेने स्वतःच वाढवून घेतलेली मुदत रद्द केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या संसदेतील अल्पसंख्याकांच्या अकरा राखीव जागा काढल्या आणि प्रदेशातील सरकारी नोकरांचे पगार बगदादने थेट द्यावेत असाही आदेश दिला. यातल्या शेवटच्या आदेशाचे अनेक कुर्दी शिक्षकांनी स्वागतच केले, कारण त्यांचे पगार महिनोन्महिने थकत होते. सत्ताधारी पक्षाला मात्र त्यात स्वायत्ततेवरचा घाला दिसला. घटनेच्या कलम ९२ नुसार जो कायदा करून हे न्यायालय नव्याने स्थापायला हवे होते तो झालेलाच नाही, म्हणून त्याची वैधता आम्हांला मान्य नाही, असे एर्बिलचे म्हणणे आहे. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. तथापि निकाल विरुद्ध गेल्यावरच तो मोठ्या आवाजात ऐकू येतो, हेही नोंदवायला हवे.

दुबळेपणा एर्बिलच्या बाजूलाही आहे. प्रदेशाच्या राज्यघटनेचा मसुदा २००९ मध्ये संसदेने मंजूर केला, पण तो लोकमतापर्यंत पोहोचलाच नाही. प्रदेशाला स्वतःची घटना नाही, म्हणून तिचा अर्थ लावणारे न्यायालयही नाही, आणि तेथील दोन मोठ्या पक्षांत तंटा झाला की तो अखेर बगदादच्या दारात जातो.

न्यायालये स्वतंत्र आहेत का, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. कागदावर आहेत, २००७ च्या कायद्याने ती न्याय मंत्रालयाच्या हाताखालून काढून न्याय परिषदेकडे दिली. पण १९९४ पासून कुर्दिस्तान लोकशाही पक्ष आणि कुर्दिस्तान देशभक्त संघटना यांच्यात यादवी झाली आणि २००६ पर्यंत एर्बिल व सुलेमानिया येथे दोन वेगळी सरकारे होती. सुरक्षा दलांवरची पक्षांची पकड त्यानंतरही सुटलेली नाही, आणि अशा ठिकाणी न्यायाधीश किती मोकळा असेल याची कल्पना करता येते. फेब्रुवारी २०२१ मध्ये एर्बिलच्या फौजदारी न्यायालयाने पाच पत्रकार व कार्यकर्त्यांना देशाच्या सुरक्षेला धोका पोहोचवल्याबद्दल प्रत्येकी सहा वर्षांची शिक्षा दिली. निकालाच्या काही दिवस आधी खुद्द प्रदेशाच्या पंतप्रधानांनी पत्रकार परिषदेत त्या आरोपींत हेर असल्याचे सांगून टाकले होते. कॅसेशन न्यायालयाने शिक्षा कायम केली. वरचे न्यायालय जवळ असण्याचा फायदा असतो तसा तोटाही असतो. ते ज्यांच्या जवळ असते त्यांत सत्ताधारीही आले.

प्रश्न : आमच्या पूर्व भागात घरगुती भांडणे, वाटण्या, सोडचिठ्ठी यांत समाजाचे पंच बसतात आणि कोर्टाची पायरी चढू न देता प्रकरण मिटवतात. सीरियातील कुर्दांनी अशा पंचांनाच न्यायालय केले असे ऐकतो. आपल्याकडे तर पंचांकडे आता संशयानेच पाहिले जाते. त्यांचे पंच आणि आमचे पंच यांत फरक काय? (समाजाच्या पंच कमिटीचे सदस्य, अक्कलकोट रस्ता)

उत्तर : आपले ऐकणे बव्हंशी बरोबर आहे. सीरियातील यादवी भडकल्यावर जुलै २०१२ मध्ये सरकारी फौजा कोबानी, आफ्रीन आणि आसपासच्या बऱ्याच कुर्दबहुल भागातून निघून गेल्या. जानेवारी २०१४ मध्ये आफ्रीन, कोबानी आणि जझीरा या तीन कँटनांनी, म्हणजे प्रशासकीय विभागांनी, स्वायत्तता जाहीर करून 'सामाजिक करार' नावाचा घटनेसारखा दस्तऐवज स्वीकारला. पुढे अरबबहुल प्रदेश जोडले जाऊन २०१८ मध्ये उत्तर आणि पूर्व सीरियाचे स्वायत्त प्रशासन अस्तित्वात आले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये कराराची नवी आवृत्ती निघाली.

या रचनेत न्यायाची पहिली पायरी म्हणजे शांतता व समेट समिती. ती गल्लीच्या किंवा गावाच्या कोम्यूनमध्ये, म्हणजे स्थानिक रहिवाशांच्या सभेत, असते, तिचे सदस्य तेथल्याच लोकांनी निवडलेले असतात आणि त्यांनी कायद्याची पदवी घेतलेली असावी अशी अट नसते. समितीचे कामकाज समजून घेण्यासारखे आहे. उसने पैसे, बांधावरचा वाद, शेजाऱ्यांची मारामारी असे प्रकरण आले की समिती दोन्ही बाजूंना आधी वेगवेगळे ऐकते, गरज पडल्यास घरी जाऊन वडीलधाऱ्यांशी बोलते, मग दोघांना समोरासमोर बसवते, आणि तोडगा निघाला तर तो कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेते. कोणाला तुरुंगात टाकण्याचा अधिकार तिला नाही. खुनासारखा गुन्हा तिच्यापुढे निकालात निघत नाही. तो न्यायालयात जातो. परंतु दोन कुटुंबांत सूडाचे सत्र सुरू होऊ नये यासाठी समिती तेथेही मध्यस्थी करते, कारण खुन्याला शिक्षा झाली म्हणून वैर संपते असे तेथील लोक मानत नाहीत. अशा समित्या २०१२ मध्ये आकाशातून पडल्या नव्हत्या. असद राजवटीच्या न्यायालयांवर विश्वास नसलेल्या कुर्दी वस्त्यांत त्या १९९० च्या दशकापासून गुपचूप चालत होत्या.

आता फरकाकडे वळतो, आणि येथे थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. पहिला फरक बसणाऱ्यांचा आहे. तेथे समितीत स्त्रियांचा किमान वाटा चाळीस टक्के ठेवलेला असून स्त्रीवरील अत्याचार, जबरीचा विवाह, दुसरी बायको करणे अशी प्रकरणे केवळ स्त्रियांच्या समितीकडे किंवा 'माला जिन' म्हणजे स्त्रियांच्या घराकडे जातात. तेथे पुरुष पंच बसतच नाही. पहिले असे घर २०११ मध्ये कामिश्ली शहरात उघडले. आपल्या पत्रात सोडचिठ्ठीचा उल्लेख आहे, पण त्या बैठकीत किती स्त्रिया बसतात याचा नाही. दुसरा फरक जातीचा. तेथील समिती वस्तीची असते, एका जमातीची नव्हे. मिश्र वस्तीत तिच्यापुढे कुर्द, अरब आणि सिरियाक ख्रिस्ती एकत्र येतात. तिसरा फरक असा की समितीचा तोडगा मान्य नसेल तर नाही म्हणून न्यायालयात जाता येते, आणि गेल्याबद्दल हुक्कापाणी बंद होत नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला तो पंच बसतात म्हणून नव्हे, पंचांचे न ऐकणाऱ्याला वाळीत टाकले जाते म्हणून. समेट घडवणारे पंच त्या कायद्याच्या आड येत नाहीत. आपल्या तंटामुक्त गाव समित्या तेच काम करतात.

तरीही तेथील पद्धत आदर्श म्हणून डोक्यावर घेण्याचे कारण नाही. समितीच्या वरची लोकन्यायालये परिषदांनी नेमलेल्या न्यायाधीशांची होती, आणि त्यांतील अनेकांनी कायद्याचा रीतसर अभ्यास केलेला नव्हता. परिषदांवर एकाच पक्षाचा, म्हणजे लोकशाही ऐक्य पक्षाचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा वरचष्मा होता. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०१४ च्या अहवालात तेथील मनमानी अटका आणि न्याय्य सुनावणीचा अभाव यांवर बोट ठेवले होते. शेजारधर्माने मिटणारे भांडण आणि सत्तेच्या विरोधकावरचा खटला ही दोन निराळी प्रकरणे आहेत. पहिल्यात ही पद्धत जितकी चांगली उतरते तितकीच दुसऱ्यात उघडी पडते.

प्रश्न : मी विडी कामगार स्त्रियांच्या बचत गटांत काम करते. नवऱ्याने मारले तर कुर्दी बाईला कायदा काय देतो? (कुंभारी)

उत्तर : इराकी दंडसंहितेच्या कलम ४१ मध्ये, नवऱ्याने बायकोला 'शिस्त लावणे' हा त्याचा हक्क मानून गुन्ह्यातून वगळलेले आहे. बगदादमध्ये ते कलम अजून पुस्तकात आहे. कुर्दिस्तानच्या संसदेने २००१ मध्ये ही सवलत आपल्या प्रदेशापुरती काढून टाकली आणि २००२ मध्ये 'अब्रूसाठी' केलेल्या खुनाला मिळणारी शिक्षेतील सूटही बंद केली. १९५९ च्या इराकी कौटुंबिक कायद्यात २००८ मध्ये दुरुस्त्या करून दुसऱ्या लग्नाच्या अटी कडक केल्या. पहिल्या पत्नीने न्यायालयात संमती द्यावी ही त्यांतली एक. २०११ चा कौटुंबिक हिंसाविरोधी कायदा तर मारहाणीपुरता थांबत नाही. जबरीचा विवाह, साटेलोटे आणि मुलींचे जननांग कापण्याची प्रथा हेही त्याने गुन्हे ठरवले. पूर्ण बंदी मात्र दुसऱ्या लग्नावर नाही.

ती रोजावाने घातली. जझीरा कँटनने नोव्हेंबर २०१४ मध्ये काढलेल्या फर्मानाने बहुपत्नीत्व आणि अठरा वर्षांखालील विवाह बंद केले, वारशात मुलीला मुलाइतका वाटा दिला आणि स्त्रीची साक्ष पुरुषाच्या साक्षीइतकीच मोलाची ठरवली. पुढे रक्का, देर अझ-झोर यांसारखे अरबबहुल भाग जोडले गेले तेव्हा टोळीप्रमुखांच्या विरोधामुळे बहुपत्नीत्वबंदी तेथे तितक्या कडकपणे राबवता आली नाही. कायदा एका झटक्यात पुढे नेला की त्याच्या मागे समाजाला आणण्याचे काम कोणाकडे जाते, हे आपल्याला बचत गटांमुळे माझ्याहून चांगले ठाऊक असेल. घरातून निघालेली बाई पहिल्या रात्री कोठे जाणार, हा प्रश्न तेथेही न्यायालयापाशी नव्हे, त्या 'माला जिन'च्या दारात सुटतो किंवा अडतो.

प्रश्न : कुर्दिस्तानात फाशी आहे का? (पंढरपूर)

उत्तर : रोजावाच्या २०१४ च्या करारातच देहान्ताची शिक्षा रद्द केलेली आहे. इराकी कुर्दिस्तानात ती कायद्यात आहे आणि न्यायालये सुनावतातही, पण २००८ पासून अंमलबजावणी जवळजवळ थांबली आहे. २०१५ मध्ये एका खून खटल्यात मात्र फाशी दिली गेली. बगदादचे सरकार दरवर्षी अनेकांना फासावर चढवते, त्या पार्श्वभूमीवर हा फरक लहान नाही.

प्रश्न : 'इस्लामिक स्टेट'च्या पकडलेल्या लोकांवर कुर्दांनी खटले चालवले का? एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा झाल्याचे वाचले, ते कसे शक्य आहे? (वकील, सात रस्ता)

उत्तर : आपले वाचन बरोबर आहे. बगदादचा दहशतवादविरोधी कायदा २००५ चा, तर एर्बिलने २००६ मध्ये स्वतःचा केला. अखेरची न्यायालये दोन आणि त्यांच्यात माहितीची देवाणघेवाण पुरेशी नाही, याचा परिणाम असा झाला की कुर्दिस्तानात शिक्षा भोगून सुटलेला, अनेकदा अठरा वर्षांखालचा, मुलगा बगदादच्या अंमलाखालील मोसुलच्या बाजूला आपल्या गावी परतला की तेथील यादीत त्याचे नाव तसेच असे आणि त्याच आरोपावरून पुन्हा अटकेची तलवार त्याच्या डोक्यावर टांगलेली राही. ह्यूमन राइट्स वॉचने २०१८ मध्ये हे समोर आणले. एकाच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा खटला नाही हे तत्त्व इराकी घटनेतही आहे. पण पहिला निकाल दुसऱ्या न्यायालयाच्या हाती पोहोचलाच नाही, तर ते तत्त्व लावायचे कशाला? घटनेने दोन न्यायसंस्था मान्य केल्या, त्यांच्यातला दप्तराचा मार्ग मात्र कोणी आखला नाही.

सीरियात अडचण याहून मोठी होती. तेथील प्रशासनाने 'लोकरक्षण न्यायालये' स्थापून हजारो सीरियन आरोपींचे खटले चालवले आणि गंभीर गुन्ह्यांना वीस वर्षांपर्यंत कैद ठरवली. मात्र सुरुवातीच्या काळात आरोपीला वकील मिळत नसे आणि अपिलाची सोयही नव्हती, त्याबद्दल टीका झाली. मार्च २०१९ मध्ये 'इस्लामिक स्टेट'चे सीरियातील शेवटचे ठाणे बाघूझ पडल्यावर परदेशी लढवय्ये मोठ्या संख्येने हाती आले. त्यांच्या मायदेशांपैकी अनेकांनी त्यांना परत घेण्याचे टाळले आणि रोजावाच्या न्यायालयांनाही मान्यता दिली नाही. ते लोक वर्षानुवर्षे ना आरोपी ना शिक्षा झालेले, असे तुरुंगांत आणि त्यांची बायकामुले अल-होलसारख्या छावण्यांत पडून राहिली. जून २०२३ मध्ये प्रशासनाने आम्हीच खटले चालवू असे जाहीर केले, ते या कोंडीला कंटाळून.

प्रश्न : असद राजवट गेली. आता रोजावाच्या न्यायालयांनी दिलेल्या निकालांचे काय? (अध्यापक, मंगळवेढा)

उत्तर : हे निकाल दमास्कसने पूर्वीही कधी मानलेले नव्हते. कामिश्लीत डिसेंबर २०२४ पर्यंत असद सरकारने शहराचा एक लहानसा भाग आपल्या ताब्यात ठेवला होता आणि सरकारी नोंदणीची कार्यालये तेथे चालू होती. स्वायत्त प्रशासनाकडे लग्न नोंदवलेले जोडपे पासपोर्ट किंवा मुलाच्या नोंदीसाठी तोच विवाह पुन्हा त्या भागात जाऊन नोंदवत असे. ज्या मुलीला रोजावाच्या न्यायालयाने भावाइतका वाटा दिला, तिच्या नावावर सरकारी जमीन दप्तरात तो चढत नसे.

१० मार्च २०२५ रोजी दमास्कसमध्ये नव्या राजवटीचे अध्यक्ष अहमद अल-शरा आणि ईशान्येतील कुर्दी नेतृत्वाखालील फौजांचे सेनापती मझलूम अब्दी यांनी आठ मुद्द्यांच्या करारावर सह्या केल्या. ईशान्येतील सर्व नागरी आणि लष्करी संस्था राज्यात विलीन करायच्या असे त्यात ठरले. सीमानाके, विमानतळ आणि तेल-वायू क्षेत्रे यांची त्यात नावानिशी नोंद आहे, न्यायालयांची नाही. ती 'नागरी संस्था' या शब्दांत आली असे धरावे लागते. शांतता समितीने मिटवलेल्या बांधाच्या भांडणाला याने बाधा येण्याचे कारण नाही, कारण तो तोडगा दोन शेजाऱ्यांच्या सह्यांवर उभा आहे. घटस्फोट, वारसा आणि दत्तविधान यांचे निकाल मात्र जुने निवाडे वैध ठरवणाऱ्या कायद्यावाचून टिकणार नाहीत. इराकच्या घटनेत ते काम कलम १४१ ने केले आहे; सीरियात त्याच्या तोडीची तरतूद होते की नाही, यावर त्या निकालांचे भवितव्य ठरेल.